आईच्या सोबतीला

कुत्रा पाळावा की पाळू नये, हा प्रश्न प्रियोळच्या आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. अंगणात कुत्रा असे. पण तो कोणी आणलेला नसे. तो आपणहून येई, पेजेचा उरलासुरला वाटा खाई, रात्री कुळागरात रानडुक्कर वा साळिंदर शिरले की भुंके, आणि एके दिवशी जसा आला तसा निघून जाई. त्याला नाव नसे, पट्टा नसे, आणि घराचा उंबरठा ओलांडण्याची त्याची छाती नसे. म्हणून ज्या दिवशी आम्ही भावंडांनी दूरध्वनीवर बोलताबोलता 'आईला एक लहानसा कुत्रा आणून देऊ' असे ठरविले, त्या दिवशी घराच्या रीतीत आपण केवढा बदल करू पाहत आहोत, याची आम्हांस कल्पनाही नव्हती.

वडिलांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आई शहात्तर वर्षांची. सकाळी एक बाई केरवारा व भांडी करून जाते, कुळागरातल्या कामासाठी गडी येतो. आणि दुपारनंतर एवढ्या मोठ्या घरात ती एकटी. दादा पुण्यास, ताई बेळगावास, आणि आम्ही पणजीस. पणजीहून प्रियोळ अवघे वीस-बावीस किलोमीटर. परंतु जवळचे गाव केव्हाही जाता येण्याजोगे असते, आणि जेथे केव्हाही जाता येते तेथे बहुधा जाणेच होत नाही. दादा वर्षातून दोनदा ठरवून येई. आम्ही मात्र 'पुढच्या रविवारी' म्हणत महिना महिना घालवीत असू. आईला पणजीस आणून पाहिले. देवघरातला दिवा आणि मंगेशीची सोमवारची पालखी ही दोन कारणे सांगून ती आठव्या दिवशी परत गेली. एकटे वाटते असे ती कधी बोलली नाही. ती बोलली नाही म्हणूनच ते आम्हांस अधिक लागत असे.

मे महिन्याच्या सुटीत आमची कन्या बेळगावास ताईकडे राहून आली, ती शेजारच्या घरातील कुत्र्याचे वेड घेऊनच. कुत्रा होता आपल्याकडे ज्याला सर्रास 'डॅशहाउंड' म्हणतात त्या जातीचा. जर्मन भाषेतील मूळ उच्चार 'डाक्सहुंड'च्या जवळ जातो. लांबलचक देह, बोटभर पाय, लोंबते कान, आणि डोळ्यांत जगातील सारा करुणरस. ताई म्हणाली, "आईला असाच एक आणून द्यावा." दादा म्हणाला, "अवश्य." आम्हीही होकार भरला. कुत्रा लहान, तेव्हा त्याला जागा थोडी, आहार थोडा, म्हणजे त्रासही थोडाच, असा आमचा सरळ हिशेब होता. पिलू विकणाऱ्या गृहस्थांनीही 'काहीच त्रास नाही' असे आश्वासन देऊन आगाऊ रकमेची मागणी केली.

रक्कम पाठविण्यास निघालो तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एक साडी घ्यायची तर आपण अर्धा दिवस घालवतो, आणि एका जिवाचा निर्णय दहा मिनिटांत?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. रक्कम तशीच ठेवून आम्ही चौकशीस लागलो.

डाक्स म्हणजे बॅजर, जमिनीत बिळे करून राहणारा एक चिवट प्राणी; आणि हुंड म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याच्याशी झुंज घ्यावी यासाठी जर्मनीतील शिकाऱ्यांनी काही शतके खपून ही जात घडविली. पाय आखूड कशासाठी, तर बिळात मावावा म्हणून. छाती खोल कशासाठी, तर कोंदट जागी दम टिकावा म्हणून. आणि आवाज देहाच्या मानाने एवढा मोठा कशासाठी, तर जमिनीखालून भुंकला तरी वर उभ्या असलेल्या धन्याला ऐकू यावा म्हणून. या जातीची जर्मन संस्था १८८८ साली स्थापन झाली, आणि १९७२ साली म्युनिक येथे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा त्यांचे शुभचिन्ह म्हणून 'वाल्डी' नावाचा रंगीबेरंगी डाक्सहुंडच निवडण्यात आला. तात्पर्य, आम्ही ज्याला मांडीवरचे खेळणे समजत होतो, तो मुळात एक शिकारी योद्धा होता. देह लहान केला म्हणून स्वभाव लहान होत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती पाठीची. या कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांमधील गाद्या अकाली कठीण होतात, आणि उडी मारताना वा जिना उतरताना त्यांतील एखादी सरकून मज्जारज्जूवर दाब देते. मग मागचे पाय लुळे पडतात. या जातीत साधारणतः चार-पाचांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी हा विकार गाठतो. पायांच्या आखूडपणामागील जनुकीय कारण संशोधकांनी २००९ साली उजेडात आणले. पुढे २०१७ साली त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत सापडली, आणि गाद्यांच्या विकाराशी तिचा संबंध सिद्ध झाला. माणसाने ज्या आखूड पायांचे कौतुक केले, त्यांची किंमत कुत्र्याची पाठ मोजते. म्हणून जाणकार सांगतात की, या कुत्र्याला जिन्यावरून चढू-उतरू देऊ नये, पलंगावरून उडी मारू देऊ नये, वजन वाढू देऊ नये, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधावा, आणि उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घेऊन पाठ आडवी ठेवावी.

पुस्तकी माहितीवर विसंबू नये म्हणून आम्ही दोन दिवस बेळगावास जाऊन ताईच्या शेजाऱ्यांकडे त्या कुत्र्याच्या सहवासात घालविले. कुत्रा खरोखर लाघवी. घरात सहा माणसे, त्यांपैकी दोन मुले. कोणी ना कोणी सदैव त्याच्यापाशी. घर तळमजल्यावरचे, फरशी सपाट. सकाळी व संध्याकाळी त्याला पाऊण-पाऊण तास फिरवून आणीत. एवढे असूनही सारे बाहेर पडले आणि तो तासभर एकटा राहिला, तेव्हा त्याने दाराची चौकट ओरबाडून ठेवली. अंगणातील गुलाबाचा वाफा त्याने आमच्यादेखत उकरला. त्या घरच्या आजी हसून म्हणाल्या, "आम्ही याला सांभाळत नाही हो, आम्ही सहाजण मिळून याला पुरे पडतो." परतीच्या वाटेवर चोर्ला घाटात आम्हांस त्यांचे ते 'सहाजण' पुनःपुन्हा आठवत होते.

त्यानंतरच्या सोमवारी रजा काढून आम्ही प्रियोळास गेलो, ते आपलेच घर कुत्र्याच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी. फाटकाशी पोचताच एक तांबूस रंगाचा गावठी कुत्रा आमच्यावर धावून आला. एखादा परका घरात शिरत असावा तसा तो भुंकत होता. हा कधीपासून येथे आहे, असे आईस विचारले. ती म्हणाली, "झाले पाच-सहा महिने." आम्ही काही बोललो नाही.

रस्त्यापासून अंगणापर्यंत चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. अंगणातून वसरीवर चढण्यास चार. आत राजांगणाच्या भोवती फिरावयाचे तर दर दाराला वीतभर उंच उंबरठा. स्वयंपाकघरातून मागीलदारी उतरण्यास पुन्हा तीन पायऱ्या, आणि पुढे कुळागर पायऱ्यापायऱ्यांनी पार ओहोळापर्यंत उतरत गेलेले. बालपणापासून या घरात वावरलो, पण त्याच्या पायऱ्या आम्ही त्या दिवशी प्रथम मोजल्या. आखूड पायांच्या आणि नाजूक पाठीच्या जिवाला दिवसातून वीस वेळा उचलून न्यावे लागले असते. पूर्ण वाढलेल्या डाक्सहुंडाचे वजन सात ते चौदा किलोपर्यंत भरते. त्याहून लहान उपजातीचेही पाच किलोच्या आसपास असते. आणि उचलणार कोण? गुडघेदुखीमुळे जी विहिरीवरची भरलेली कळशीही आता उचलीत नाही, ती आमची आई. वृद्ध माणसाच्या पायांत घोटाळणारा लहान कुत्रा ही आणखी एक धास्ती. मोठा कुत्रा निदान दिसतो. हा तिन्हीसांजेच्या अंधारात उंबरठ्यापाशी आडवा निजला असता आणि आई दिवा लावावयास निघाली असती, तर काय झाले असते, ते सांगावयास नकोच.

कुळागरात उतरलो. पोफळीच्या बुंध्यांशी, पाटाच्या कडेने, चिऱ्यांच्या गडग्यात जिकडे पाहावे तिकडे बिळे. काही घुशींची, काही खेकड्यांची. आणि घुशीच्या रिकाम्या बिळात नागाने बिऱ्हाड करावे, हे तर कुळागराचे नित्याचे व्यवहार. पालापाचोळ्यात घोणस असते. आमच्याकडचा गावठी कुत्रा साप दिसला की चार हात दूर उभा राहून भुंकतो. ती त्याला पिढ्यान् पिढ्यांनी शिकविलेली अक्कल आहे. बिळात तोंड घालावे आणि आत जे असेल त्याला सोडू नये, ही डाक्सहुंडाला त्याच्या पिढ्यांनी दिलेली शिकवण. जर्मनीच्या रानात जो गुण, तो प्रियोळच्या कुळागरात मृत्यूला निमंत्रण.

राहता राहिला सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. आजकाल या विषयावर हसण्याची चाल आहे. आम्हीही पूर्वी हसत असू. पण विचार केल्यावर असे वाटले की, आपल्या परंपरेने कुत्र्याला हीन मानलेले नाही. श्रीदत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान असतात, आणि ते चार वेद होत अशी भाविकांची श्रद्धा आहे. काळभैरवाचे वाहन श्वान आहे. महाभारताच्या सतराव्या पर्वात, महाप्रस्थानिक पर्वात, धर्मराजाने मागे मागे आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले. वैश्वदेवानंतर गाईचा, कावळ्याचा तसा कुत्र्याचाही वाटा काढावा, असा गृहस्थाचा आचार. मात्र तो वाटा बाहेर ठेवावयाचा असतो. अन्नावर त्याचा अधिकार आहे, चुलीपाशी त्याची जागा नाही, अशी ही व्यवस्था. नैवेद्य शिजविताना आई साठ वर्षे तिच्या चौकटीत वागत आली. डाक्सहुंड तर बाहेर राहू शकणारा जीव नव्हे. माणसांच्या सहवासावाचून तो झुरतो, आणि आमच्या भागातील तीन हजार मिलिमीटरांच्या आसपासचा पाऊस वसरीवर काढणे त्याला मानवणारे नाही. आईने त्याला आत घेतले असते तर तिचा नेम मोडला असता. बाहेर ठेवले असते तर त्याचा जीव कष्टी झाला असता. दोघांपैकी एकाला आपला धर्म सोडावा लागला असता, आणि ते दोघांनाही न विचारता आम्ही ठरविणार होतो. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, हेदेखील आम्हांस याच चौकशीत कळले. आणि आई तर दारी आलेल्या कोणालाही प्रसादावाचून जाऊ देत नाही.

शेवटचा हिशेब वर्षांचा. हा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. आई शहात्तरची. ही बेरीज करावयास आम्हां तिघा भावंडांपैकी एकालाही आपणहून सुचू नये, याचे आम्हांस नवल वाटले. मागाहून उमजले की, सुचले नव्हते असे नाही, तिकडे पाहावयाचे नव्हते.

त्या संध्याकाळी आईबरोबर मंगेशीस गेलो. दीपस्तंभाजवळ उभे राहून पालखी पाहिली. पालखीपुढचे वाजप, उदबत्त्यांचा वास, ओळखीचे चेहरे. प्रत्येकजण आईची विचारपूस करीत होता, आणि मग आमच्याकडे वळून 'केव्हा आलात?' असे पाहुण्याला विचारावे तसे विचारीत होता. घरी येऊन दारच्या सोप्यावर बसल्यावर आम्ही आईला सारी हकीकत सांगितली, आणि त्या कुत्र्याचे छायाचित्र दाखविले. चष्मा लावून तिने ते निरखले आणि मनापासून हसली. "हाचे पांय खंय गेले?" म्हणाली. मग पायऱ्या, बिळे, पाठीचा विकार असे एकेक कारण सांगून, कुत्रा आणणे योग्य कसे नव्हे, ते आम्ही तिला मोठ्या व्यवस्थेने समजावून दिले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. नंतर ती म्हणाली, "तुमकां सुणें नाका रे. तुमचे सुवातेर हांगा बसपाक कोण तरी जाय."

तुम्हाला कुत्रा नको आहे; तुमच्या जागी येथे बसायला कोणीतरी हवे आहे. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या पदार्थात मीठ कमी आहे म्हणून सांगावे, इतक्या सहज ती बोलली, आणि उठून आत गेली. आम्हांस प्रथम राग आला. एवढी चौकशी केली, बेळगावास जाऊन आलो, रजा काढली, त्याचे हेच का चीज, असे वाटले. मग लक्षात आले की, आईच्या सोबतीसाठी म्हणून आम्ही बेळगावास दोन दिवस एका कुत्र्यापाशी बसलो होतो. आईपाशी असे दोन दिवस सलग बसल्याला मात्र वर्ष होऊन गेले होते.

आई बाहेर आली ती हातात पेजेचे भांडे घेऊन. अंगणाच्या कडेला, ठरलेल्या दगडावर तिने ते ओतले. तांबूस कुत्रा आला, खाली मान घालून खाऊ लागला, आणि मधूनच आमच्याकडे पाहून गुरगुरला. हा कोणाचा, म्हणून विचारले. "ताका कोणेंच हाडूंक ना, तें आपशींच आयलां," आई म्हणाली. कोणी आणले नाही, ते आपणहून आले. ती पुढे काही म्हणाली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

डाक्सहुंडाविषयी आमचे मत वाईट झाले आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. ज्यांचे घर सपाट आहे, दिवसभर घरात माणसे आहेत, रोज फिरविण्यास वेळ आणि उचलून घेण्यास बळकट हात आहेत, आणि पुढील पंधरा वर्षांची हमी जे देऊ शकतात, त्यांच्या घरी तो आनंदाने नांदेल. आमच्या घरी तो नांदला नसता. घरात कुत्रा आणू पाहणाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, जातीची चौकशी करण्यापूर्वी घराच्या पायऱ्या मोजाव्यात, घरातील माणसे मोजावीत. आणि जो कुत्रा दुसऱ्या कोणासाठी आणावयाचा आहे, तो खरोखर कोणासाठी, हे एकदा त्या माणसालाच विचारावे.

विक्रेत्या गृहस्थांना नकार कळविला. कन्या दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले की, आजीच्या अंगणातील कुत्र्याला कोणी टोचले आहे का? कोणी टोचले नव्हते. शेजारच्या मुलाच्या मदतीने त्याला फोंड्यास पशुवैद्यांकडे नेले, पिसाळरोगाची लस टोचून घेतली, निर्बीजीकरण करविले, आणि गोचिडांचे औषध लावले. कन्येने त्याला एक लाडके नाव दिले. पण आई त्याला अद्याप 'सुणें' असेच म्हणते, आणि तो तिलाच ओ देतो. उंबरठ्याच्या आत तो येत नाही. त्याला कोणी तसे शिकविले नाही.

आम्ही आता सोमवारी कचेरी सुटली की परस्पर प्रियोळास जातो, आईबरोबर पालखीस उभे राहतो, आणि रात्री तिच्या हातचे जेवून मुक्काम करतो. दादा यंदा गणेश चतुर्थीखेरीज शिगम्यासही येऊन गेला. ताई दर दोन महिन्यांनी चार दिवस येते. याने आईचे एकटेपण संपले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आठवड्याचे उरलेले सहा दिवस आहेतच.

पहिल्या तीन सोमवारी तो तांबूस कुत्रा आमच्यावर पूर्वीसारखाच भुंकला. चौथ्या सोमवारी नुसता गुरगुरला. मध्यंतरी कचेरीच्या कामामुळे आमचे दोन सोमवार चुकले, तेव्हा तो पुन्हा भुंकू लागला. गेल्या सोमवारी अकरा पायऱ्या चढून आम्ही अंगणात पोचलो, तर तो तुळशीवृंदावनापाशी पडून होता. शेपूट हलविली असे नाही. त्याने मान उचलून आमच्याकडे एकवार पाहिले, आणि पुन्हा पायांवर ठेवली.